तेहतीस दिवसांचा हिशेब

महाराष्ट्र विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीची अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली. २० नोव्हेंबरला मतदान झाले आणि २३ नोव्हेंबरला निकाल लागला. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७७ प्रमाणे उमेदवाराने खर्चाचा हिशेब ठेवायचा तो अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून. वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या उमेदवाराने पहिल्याच दिवशी अर्ज भरला असेल, तर त्याचा हिशेब ३३ दिवसांचा झाला. मुहूर्त पाहून शेवटच्या दिवशी, म्हणजे २९ ऑक्टोबरला भरला असेल, तर २६ दिवसांचा. विधानसभेची मुदत पाच वर्षांची, दिवसांत मोजली तर १८२६. आमदाराच्या राजकारणाला लागणारा पैसा कुठून येतो, कोणाकडे साठतो आणि कशावर जातो, हा प्रश्न कायदा फक्त या ३३ दिवसांपुरता विचारतो. उरलेल्या १७९३ दिवसांबद्दल तो गप्प असतो. पुढील पानांचा विषय या गप्पपणात दडला आहे. आपल्याकडे निवडणुकीच्या खर्चाला मर्यादा आहे, पण निवडणुकीसाठी साठवलेल्या पैशाला हिशेब नाही. खर्च रोखण्याचा सारा खटाटोप लंगडा पडतो तो यामुळे, असे माझे म्हणणे आहे.

वाशिम हा या प्रश्नासाठी मुद्दाम निवडावा असा जिल्हा आहे. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा आणि २०११ च्या जनगणनेनुसार १२ लाखांच्या आतल्या लोकसंख्येचा. शेती सोयाबीन, तूर आणि कापसाची, बहुतेक पावसावरची. केंद्र सरकारने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत वाशिमचे नाव होते. विधानसभेचे मतदारसंघ तीन: रिसोड, अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला वाशिम, आणि कारंजा. पश्चिम महाराष्ट्रात निवडणुकीचा पैसा म्हटला की साखर कारखाना डोळ्यांसमोर येतो, मुंबई-पुण्यात बांधकाम व्यावसायिक. वाशिममध्ये यातले काहीच त्या प्रमाणात नाही, तरी निवडणुका चुरशीच्या होतात आणि त्यांना पैसा लागतो. जिथे पैशाचे मोठे झरे उघड दिसत नाहीत, तिथे तो कोणत्या वाटांनी झिरपतो हे पाहिले म्हणजे मोठ्या धरणांच्या जिल्ह्यांत दृष्टीआड राहणाऱ्या गोष्टीही कळू लागतात.

आधी कायद्याने जे केले आहे त्याचे श्रेय त्याला देऊ. विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा मोठ्या राज्यांत २०१४ मध्ये २८ लाख होती. २०२० मध्ये ती ३० लाख ८० हजार झाली आणि जानेवारी २०२२ पासून ४० लाख आहे. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उमेदवाराने निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खाते उघडायचे आणि सगळा खर्च त्यातून करायचा. एका व्यक्तीला किंवा दुकानाला रोखीने द्यायची रक्कम सगळ्या प्रचारकाळात मिळून १० हजारांपुढे जाता कामा नये. खर्चाच्या नोंदवहीचे तीन भाग असतात: पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड, पिवळ्या पानांवर बँक. निवडणूक यंत्रणा स्वतःची छाया नोंदवही ठेवते. सभेत किती खुर्च्या होत्या, मंडप केवढा, चहा किती कप, गाड्या किती, हे तिचे लोक चित्रीकरण पाहून मोजतात आणि जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याने ठरवलेल्या दरपत्रकाने त्याची किंमत लावतात. प्रचारकाळात किमान तीनदा उमेदवाराच्या वहीशी तिचा ताळा घेतला जातो. निकालानंतर ३० दिवसांत अंतिम हिशेब द्यायचा. न दिल्यास किंवा नीट न दिल्यास कलम १०-क खाली तीन वर्षे निवडणूक लढवता येत नाही. उत्तर प्रदेशात बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना २०११ मध्ये याच कलमाने अपात्र ठरवले गेले. कारण होते वर्तमानपत्रातल्या पैसे देऊन छापून घेतलेल्या मजकुराचा जेमतेम २१ हजार रुपयांचा खर्च न दाखवणे. म्हणजे यंत्रणा ढिली आहे, अधिकारी झोपा काढतात, असे म्हणण्यात अर्थ नाही. जेवढ्या दिवसांचे काम त्यांच्यावर सोपवले आहे, तेवढे दिवस ते बऱ्यापैकी डोळ्यांत तेल घालून असतात.

अडचण त्या दिवसांच्या आधीची आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक मतदारसंघात तीन लाखांहून अधिक मतदार आणि तीनशेहून अधिक मतदान केंद्रे आहेत. केंद्रे ३०० च धरली तरी ४० लाखांच्या मर्यादेत एका केंद्रामागे १३,३३३ रुपये येतात. त्यात सभा, गाड्या, डिझेल, पत्रके, ध्वनिक्षेपक, मोबाइलवरचा प्रचार, मतदानाच्या दिवशीच्या प्रतिनिधींचे जेवणखाण, सगळे बसवायचे. कारंजा मतदारसंघात मानोऱ्याकडचे तांडे येतात, रिसोडमध्ये मालेगावकडची विखुरलेली गावे येतात. गावोगाव पोचायचे तर केंद्रामागे तेरा हजार ही अगदी ताणून वापरायची रक्कम आहे. तरीही राज्यभर बहुतेक उमेदवारांचे हिशेब मर्यादेच्या आत, बरेचदा खूपच आत बसतात. याचा सरळ अर्थ सगळे खोटे लिहितात असा लावायची आपल्याला सवय झाली आहे. तो काही ठिकाणी खराही असेल. गोपीनाथ मुंडे जून २०१३ मध्ये मुंबईतल्या एका समारंभात बोलून गेले की २००९ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांचे आठ कोटी खर्च झाले. तेव्हा मर्यादा २५ लाखांची होती. निवडणूक आयोगाने नोटीस काढली आणि सगळ्या पक्षांच्या नेत्यांनी मनातल्या मनात हात जोडले असावेत. पण खोटेपणा एवढेच कारण धरले तर मुद्दा हुकतो. हिशेब मर्यादेत बसतो, कारण खरा खर्च त्या तेहतीस दिवसांच्या आधी होऊन गेलेला असतो किंवा दुसऱ्याच्या नावावर झालेला असतो. दोन्ही गोष्टी कायद्याला चालतात.

आधी होऊन गेलेला खर्च म्हणजे काय, हे जिल्ह्यातल्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारावे. गणेशोत्सवाची आणि दुर्गोत्सवाची वर्गणी, भागवत सप्ताहाचा महाप्रसाद, कबड्डीच्या सामन्यांचे पहिले बक्षीस, दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार, दिवाळीला कार्यकर्त्यांच्या घरी जाणारी मिठाई. नागपूर, अकोला किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलेल्या रुग्णासाठी फोन, चिठ्ठी आणि जाण्यायेण्याची गाडी. लग्नसराईत एका दिवसात दहा-बारा लग्नांना हजेरी आणि प्रत्येक ठिकाणी पाकीट. मयताच्या घरी भेट, तेराव्याला मदत. आमदाराच्या घरापुढे सकाळी सातपासून उभ्या असलेल्या माणसांना चहा द्यावा लागतो, तो करणारा माणूस लागतो, अर्ज लिहून देणारा मुलगा लागतो, दिवसभर पळणारी गाडी आणि तिचा चालक लागतो. यातला एकही रुपया निवडणूक खर्च नाही. पण या सगळ्याविना निवडणूक लढवता येईल असे जिल्ह्यात कोणी म्हणणार नाही. शिवाय सत्तेत असलेल्या पक्षाला सरकारी कार्यक्रमांची जोड असते. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान पोहरादेवीला आले, बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले, आणि किसान सन्मान निधीचा अठरावा हप्ता वाशिमच्या कार्यक्रमातून देशभरातल्या शेतकऱ्यांच्या खात्यांत गेला. १५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली. कार्यक्रम शासकीय होता, त्यात बेकायदा काही नव्हते, आणि सत्तेवर असलेला कोणताही पक्ष असेच करतो. सांगायचे एवढेच की कायद्याचे घड्याळ सुरू होते तोवर बरीच मजल मारून झालेली असते.

मग या साडेचार-पाच वर्षांच्या खर्चाचा साठा कुठे असतो? उमेदवाराच्या शपथपत्रात, म्हणजे नमुना २६ मध्ये, हाती असलेल्या रोख रकमेचा एक रकाना आहे. स्वतःची, पती किंवा पत्नीची, अविभक्त कुटुंबाची, अवलंबून असलेल्यांची रोकड त्यात लिहायची. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे ही माहिती मतदारांना मिळू लागली, आणि असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था ती दर निवडणुकीला एकत्र मांडते. २०२४ मध्ये तिने तपासलेल्या महाराष्ट्राच्या २८६ आमदारांपैकी २७७ कोट्यधीश निघाले. पण तो रकाना माणसाच्या मालमत्तेचा आहे, त्याच्या राजकारणाच्या तिजोरीचा नाही. दोन्हींची गल्लत झाली की वाचक कोणाकडे किती सोने, किती एकर शेत यातच रमतो. अमेरिकेतल्या टेक्सासचे उदाहरण येथे उपयोगी पडते. तिथल्या राज्य विधिमंडळाच्या सदस्याला व्यक्तींकडून किती देणगी घ्यावी यावर मर्यादा नाही, आणि खर्चावर तर अमेरिकेत कुठेच नाही, कारण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. पण सदस्याचे प्रचारखाते कायम चालू असते. निवडणूक असो वा नसो, त्याला दर सहामाहीला विवरण द्यावे लागते, आणि त्यात मुदतीअखेर शिल्लक किती हे लिहावे लागते. अधिवेशनाच्या आधीचे ३० दिवस आणि अधिवेशन चालू असताना त्याला देणगी घेता येत नाही. तिथल्या व्यवस्थेत धनदांडग्यांचे जे चालते ते पाहता तिचे गोडवे गाण्यासारखे काही नाही. पण कोणत्या आमदाराच्या गाठीशी पुढच्या लढतीसाठी किती आहे, आणि ते कोणी दिले, हे तिथला विरोधक, वार्ताहर आणि मतदार पाहू शकतो. आपल्याकडे खर्चाला कुंपण आहे आणि साठ्यावर पडदा आहे. त्यांच्याकडे याच्या बरोबर उलटे आहे.

वाशिमसारख्या ठिकाणी हा साठा नोटांच्या रूपात असतोच असेही नाही, आणि ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. विद्यमान आमदाराचा खरा साठा म्हणजे त्याची पत. मंडपवाला, छापखाना, पेट्रोलपंप, भाड्याच्या गाड्या, जेवणावळीचा आचारी हे सगळे त्याला उधारीवर माल आणि सेवा देतात. माणूस पुन्हा निवडून येण्याची शक्यता असते, नाही आला तरी त्याच्या शिक्षणसंस्था, पतसंस्था, बाजार समितीतले गट शिल्लक असतात. त्यामुळे बुडण्याची भीती कमी. नव्या उमेदवाराला हीच माणसे आधी आगाऊ रक्कम मागतात. ठेकेदार, अडते, संस्थाचालक यांच्याशी वर्षानुवर्षे जमलेले संबंध म्हणजे न मोजलेली ठेव असते. ती मागताक्षणी मोडता येते, आणि तिच्यावर व्याज पैशात नव्हे, कामात द्यावे लागते. राज्यात आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी आहे. तो पैसा सरकारी आहे आणि त्याचे लेखापरीक्षण होते. तो प्रचाराला वापरला जातो असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण कोणत्या गावाला सभामंडप, कोणत्या गल्लीला काँक्रीटचा रस्ता, हे सुचवण्याचा अधिकार आमदाराचा असतो, फलकावर नाव त्याचे असते. पाच वर्षांत २५ कोटींची कामे सुचवू शकणारा माणूस आणि तेवढ्या काळात स्वतःच्या खिशातून वर्गण्या देणारा त्याचा प्रतिस्पर्धी यांना ४० लाखांची एकच मर्यादा लावून बरोबरीत आणल्याचे समाधान आपण मानतो.

या पत-साठ्याचे आणखी एक लक्षण म्हणजे तो वारशाने जातो. रिसोडला सुभाष झनक यांच्या निधनानंतर २०१३ च्या पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव अमित झनक निवडून आले आणि त्यानंतरच्या तीनही सार्वत्रिक निवडणुकांत त्यांनी जागा राखली. २०२४ मध्ये तर त्यांच्यासमोर पाच वेळा खासदार राहिलेल्या भावना गवळी होत्या. कारंज्यात २००९ चे आमदार प्रकाश डहाके आणि २०१४ व २०१९ चे आमदार राजेंद्र पाटणी, दोघेही आता हयात नाहीत. २०२४ ची मुख्य लढत झाली ती डहाके यांच्या पत्नी सई डहाके आणि पाटणी यांचे चिरंजीव ज्ञायक पाटणी यांच्यात. सई डहाके जिंकल्या. यात कोणावर आरोप नाही. मतदारांनी मोकळेपणाने मते दिली आहेत आणि वारसदारांत कर्तृत्व असू शकते. पण कार्यकर्त्यांची फळी, देणाऱ्यांची यादी आणि बाजारातली पत हे सगळे घराण्यासोबत पुढे जाते, आणि त्या हस्तांतराची कुठेही नोंद होत नाही. घर किंवा शेत वारसाच्या नावावर करायचे तर तलाठ्याकडे फेरफार होतो. मतदारसंघाचा फेरफार कोणत्याही दप्तरात नसतो.

वाशिमची राखीव जागा या म्हणण्याविरुद्ध उभी करता येईल. लखन मलिक तेथून २००९, २०१४ आणि २०१९ असे सलग तीनदा निवडून आले. २०२४ मध्ये पक्षाने त्यांना उमेदवारी दिली नाही, श्याम खोडे यांना दिली, आणि ते निवडून आले. विद्यमान आमदाराचा साठा एवढा निर्णायक असता तर हे कसे घडले, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त आहे. माझे उत्तर असे की या जागेने साठ्याचे महत्त्व खोटे ठरवले नाही, तो कोणाच्या हाती असतो एवढे दाखवले. मोठी शेती, व्यापार, संस्था यांची पिढीजात पुंजी नसलेल्या समाजातून आलेल्या उमेदवाराला पक्षयंत्रणेवर आणि तालुक्यातल्या इतर मातब्बरांवर अधिक अवलंबून राहावे लागते. साठा त्यांच्याकडे राहतो, उमेदवार बदलता येतो. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराची अनामत रक्कम ५ हजार आहे, इतरांची १० हजार. कायद्याने दारावरचे शुल्क निम्मे केले, आतल्या खर्चाचे काय याचा विचार केला नाही. आमदाराच्या नावावर उघड, कायदेशीर देणगीखाते असते तर याच उमेदवारांना त्याचा सर्वांत जास्त उपयोग झाला असता, कारण त्यांना मातब्बरांना टाळून थेट लोकांकडे मागता आले असते.

दुसऱ्याच्या नावावर होणाऱ्या खर्चाची कथा दिल्लीतून सुरू होते. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये म्हटले की उमेदवाराच्या माहितीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्चही उमेदवाराचाच धरला पाहिजे. निकाल ऑक्टोबरमधला, आणि त्याच वर्षी संसदेने कायद्यात स्पष्टीकरण घालून तो निष्प्रभ केला. पक्षाने किंवा मित्रांनी केलेला खर्च उमेदवाराचा नाही, असे ठरले. हे स्पष्टीकरण २००३ मध्ये निघाले, तरी पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला आणि स्टार प्रचारकांच्या प्रवासाला सूट राहिली. आज पक्षाच्या खर्चाला कोणतीच मर्यादा नाही. स्टार प्रचारकाचे हेलिकॉप्टर पक्षाच्या खात्यावर उतरते. उमेदवार त्याच्यासोबत व्यासपीठावर बसला तर सभेचा वाटा त्याच्या वहीत येतो, म्हणून व्यासपीठावर कोणी बसायचे आणि फलकावर कोणाचा फोटो लावायचा याची गणिते मांडणारे जाणकार प्रत्येक तालुक्यात तयार झाले आहेत. मर्यादा चुकवण्याचा महाराष्ट्रातला गाजलेला वाद भोकरचा. अशोक चव्हाण यांनी २००९ मध्ये वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवर ५,३७९ रुपये खर्च दाखवला होता, आणि त्याच काळात त्यांच्या गुणगानाची पानेच्या पाने छापून आली होती. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला हिशेबाचा खरेखोटेपणा तपासण्याचा अधिकार मान्य केला. जुलैत आयोगाने हिशेबावर ठपका ठेवला, आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. एका आमदाराच्या एका महिन्याच्या जाहिरातींचा निवाडा व्हायला त्याची पूर्ण मुदत गेली.

विधान परिषदेच्या बाबतीत तर एवढेही नाही. खर्चाच्या हिशेबाचे प्रकरण ज्या कलमाने सुरू होते ते कलम ७६ सांगते की हे प्रकरण फक्त लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांना लागू आहे. अकोला-बुलडाणा-वाशिम स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघात डिसेंबर २०२१ मध्ये निवडणूक झाली. वसंत खंडेलवाल यांनी तीन वेळा आमदार राहिलेल्या गोपीकिशन बाजोरिया यांचा पराभव केला. तीन जिल्हे मिळून मतदार हजाराच्याही आत, सगळे नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य. खर्चाला मर्यादा नाही, हिशेबाची सक्ती नाही. राज्यभर अशा मतदारसंघांत मतदारांना सहलीला नेण्याची जी प्रथा पडली आहे तिच्याविषयी वर्तमानपत्रे दर वेळी चवीने लिहितात. कायद्याच्या दृष्टीने त्या सहलीचे बिल कोणी दिले हा प्रश्न हिशेबात येतच नाही. तीन लाख मतदारांपर्यंत पोचायला ४० लाखांची सीमा आणि हजारभर मतदारांसाठी आकाश मोकळे. यातली विसंगती एवढी ढळढळीत आहे की ती चुकून राहिली असेल यावर विश्वास ठेवणे कठीण जाते.

साठा मोठा असणाऱ्याचा लाभ आणि नसणाऱ्याची फरफट कशी होते याचा धडा या जिल्ह्याने जिल्हा परिषदेच्या निवडणुकीतही घेतला. जानेवारी २०२० मध्ये निवडणूक झाली. विकास किसनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ ला निकाल दिला, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांवर गेल्यामुळे इतर मागासवर्गीयांच्या जागांवर निवडून आलेल्या सदस्यांचे सदस्यत्व गेले. वाशिम जिल्हा परिषदेच्या १४ जागांवर ५ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा मतदान झाले. दीड-पावणेदोन वर्षांत एकाच गटात दोनदा लढायचे होते. पहिल्या खेपेची उसनवारी फिटलेली नसताना दुसऱ्या खेपेला उभे राहणाऱ्या साध्या कार्यकर्त्यापुढे दोनच वाटा होत्या: माघार घ्यायची किंवा वरच्या नेत्याच्या आधाराने लढायचे. दुसरी वाट निवडली की पुढच्या विधानसभेला तो कोणासाठी राबणार हेही ठरून जाते. आमदाराचा साठा असा खालच्या निवडणुकांत पेरला जातो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे: आमदाराला कायम खाते आणि सहामाही विवरण सक्तीचे केले तरी काळा पैसा काळाच राहील, पांढरा तेवढा खात्यात दिसेल. हे अंशतः खरे आहे. पण तेहतीस दिवसांचा अनुभव काय सांगतो ते पाहावे. छाया नोंदवही चोरी थांबवत नाही, तरी तिच्यामुळे तुलनेला काहीतरी हाती येते. दिसलेला मंडप आणि लिहिलेला मंडप यांतला फरक दाखवता येतो. आज एखाद्या नेत्याने दिवाळीला हजार घरी मिठाई पोचवली तर ती कशाशी ताडून पाहायची हेच ठरलेले नाही. खाते असेल तर निदान प्रश्न विचारता येईल. ब्रिटनमध्ये, जिथून उमेदवाराच्या खर्चमर्यादेची कल्पना आपल्याकडे आली, तिथे या अनुभवातून दोन सुधारणा झाल्या. २००० च्या कायद्याने पक्षांच्या देशव्यापी खर्चालाही मर्यादा घातली, आणि २०१० च्या निवडणुकीपासून संसदेची मुदत संपत आली की अर्ज भरण्याच्या आधीच्या काळातला उमेदवाराचा खर्चही मोजण्याची तरतूद आली. आपण त्यांचा १८८३ चा कायदा घेतला आणि पुढची सव्वाशे वर्षे वाचलीच नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. देणगीदाराचे नाव उघड झाले की विरोधी पक्षाला देणाऱ्या व्यापाऱ्याची गय केली जाणार नाही. मंगरुळपीरच्या बाजारात अडत चालवणाऱ्याला परवान्याची, तपासणीची, बिल अडकण्याची भीती असतेच. निवडणूक रोख्यांच्या बाजूने केंद्र सरकारने हाच युक्तिवाद केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला रोखे रद्द करताना छोट्या देणगीदाराच्या खासगीपणाचा आणि मोठ्या देणगीमागच्या देवघेवीच्या शक्यतेचा वेगवेगळा विचार केला. तोच भेद येथे चालेल. पक्षांना २० हजारांवरच्या देणगीदाराची नावे द्यावी लागतात, आणि रोखीने घ्यायची देणगी २०१७ पासून २ हजारांच्या आत ठेवावी लागते. हेच उंबरठे आमदाराच्या खात्याला लावले तर पाचशे रुपये देणाऱ्या शेतकऱ्याचे नाव झाकलेले राहील आणि पाच लाख देणाऱ्या ठेकेदाराचे दिसेल. सूडाची भीती खरी आहे, पण तिचे ओझे आज फक्त विरोधकांना देणाऱ्यावर आहे. सत्तेला देणारा गुप्ततेच्या आड सुरक्षित असतो, आणि सत्तेला मात्र दोघांचीही नावे ठाऊक असतात. अंधारात राहतो तो मतदार.

लग्नाचे पाकीट आणि रुग्णाची गाडी ही माणुसकी आहे, तिला प्रचार म्हणणे रांगडेपणा होईल, असाही आक्षेप येईल. या भावनेचा मान ठेवावा. वाशिमहून गंभीर रुग्णाला अकोल्याला किंवा नागपूरला न्यावे लागते तोवर आमदाराची गाडी ही अनेकांसाठी शेवटची सोय असणार. पण माणुसकीचा खर्च लिहून ठेवण्याने माणुसकी कमी होत नाही. उलट तो पैसा कोणाचा होता हे कळल्याने उपकार कोणाचे मानायचे हेही कळेल. आणि उघडपणे मागूनही राजकारण करता येते. राजू शेट्टी यांनी शिरोळमध्ये आणि २००९ मध्ये हातकणंगल्यात ‘एक व्होट, एक नोट’ म्हणत शेतकऱ्यांकडून वर्गणी घेतली आणि निवडून आले. त्यामागे ऊस आंदोलनाची बांधणी होती आणि सोयाबीन-कापसाच्या पट्ट्यात तशी घट्ट बांधणी नाही, हे मान्य. तरीही मतदार देऊ शकतो आणि देतो, हे तिथे सिद्ध झाले. आपला कायदा अशा देणाऱ्याला जागा करून देत नाही. आचारसंहितेच्या काळात मात्र तो त्याच शेतकऱ्याची झडती घेतो. ५० हजारांवर रोकड बाळगणाऱ्याला कागद दाखवावे लागतात. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. त्या भावाने ११ क्विंटल विकले तरी ५० हजारांची रेघ ओलांडली जाते, आणि मतदान ऐन सोयाबीनच्या विक्रीच्या दिवसांत होते. बाजार समितीची पट्टी खिशात जपून घरी निघालेला शेतकरी स्थिर पथकाच्या नाक्यावर थांबतो. पाच वर्षे साठलेला पैसा मात्र त्या रस्त्याने येत नाही, कारण तो आधीच गावात पोचलेला असतो.

म्हणून माझी मागणी मर्यादा वाढवण्याची नाही, आणि काढून टाकण्याची तर नाहीच. आमदाराचे आणि आमदार होऊ इच्छिणाऱ्याचे राजकीय खाते कायम असावे. त्याचे विवरण निवडणूक नसतानाही प्रसिद्ध व्हावे, आणि त्यात शिल्लक व उधारी दोन्ही लिहावी. विधान परिषदेला त्यातून सुटका नसावी. पक्षाच्या खर्चालाही सीमा असावी, नाहीतर खात्यातला पैसा पक्षाच्या दारातून फिरून येईल. हे बदल करणे संसदेच्या हाती आहे, आणि ज्यांनी करायचे त्यांनाच ते नको आहेत. त्यामुळे घाईने काही होईल अशी आशा नाही.

तोवर वाचकाला एक काम करता येते. उमेदवाराने दिलेल्या हिशेबात पैसा कुठून आला याचे तीन भाग असतात: स्वतःचा, पक्षाकडून आलेला आणि इतरांकडून देणगी किंवा कर्ज म्हणून आलेला. पक्षालाही विधानसभा निवडणुकीनंतर ७५ दिवसांत आपले विवरण आयोगाला द्यावे लागते. आपल्या मतदारसंघातल्या विजयी आणि पराभूत उमेदवारांचे हिशेब शेजारी ठेवून, पक्षाने दिलेली रक्कम दोन्ही कागदांवर सारखी आहे का ते पाहावे. इतरांकडून आलेल्या रकमेपुढे कोणती नावे आहेत ती वाचावीत, आणि जी नावे असायला हवी होती असे गावात सगळ्यांना वाटते, ती तिथे आहेत का हेही पाहावे. निवडणूक संचालन नियम, १९६१ च्या नियम ८८ प्रमाणे कोणत्याही व्यक्तीला जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हा हिशेब पाहता येतो. पाहणीचे शुल्क एक रुपया आहे.